खेळांच्या फळीवर न शोभणारा खेळ : ओइजा बोर्डचे परीक्षण

हे परीक्षण ज्या वस्तूचे आहे, ती एका सपाट खोक्यात येते. झाकण काढले की आत मधोमध घडी पडणारा एक पट आणि बदामाच्या आकाराची, तीन पायांची, मध्यभागी पारदर्शक खिडकी असलेली एक सोंगटी मिळते. या सोंगटीचे मूळ फ्रेंच नाव प्लँचेट असून मराठीत तेच नाव सबंध प्रकाराला पडले आहे. पटावर इंग्रजी वर्णमाला दोन कमानींत मांडलेली असते, तिच्याखाली अंकांची एक ओळ असते, वर डावीकडे सूर्याजवळ ‘होय’ आणि उजवीकडे चंद्राजवळ ‘नाही’ हे शब्द असतात, तर तळाशी निरोपाचा शब्द असतो. दोन किंवा अधिक जणांनी सोंगटीवर बोटे हलकेच टेकवायची, मृतात्म्याला प्रश्न विचारायचा आणि सोंगटी सरकत सरकत कोणत्या अक्षरांवर थांबते ते वाचायचे, एवढीच कृती आहे. खोक्यावर ‘वय वर्षे ८ आणि पुढे’ असे छापलेले आढळते आणि हे परीक्षण लिहायला मी बसलो ते मुख्यतः त्या आकड्यामुळे.

मी ख्रिस्ती आहे आणि गेली अनेक वर्षे आमच्या मंडळीत रविवारच्या शाळेत १० ते १५ वयाच्या मुलांना शिकवतो. लोकप्रिय खेळांबद्दल पालक मला नेहमी विचारतात, आणि न पाहिलेल्या वस्तूवर मत देऊ नये म्हणून मी शक्य तेव्हा खेळ स्वतः आणून, त्याचे नियम वाचून, मुलांबरोबर खेळून पाहतो. ओइजा बोर्डच्या बाबतीत मात्र मी पट उघडला, सूचना वाचल्या, सोंगटी रिकाम्या टेबलावर सरकवून पाहिली आणि तिथेच थांबलो. प्रश्न विचारला नाही. खेळाचे परीक्षण करणाऱ्याने खेळ न खेळणे हा दोष आहे, हे मला मान्य आहे. पण या खेळात ‘खेळणे’ म्हणजे नेमके काय, हाच वादाचा मुद्दा असल्यामुळे तो दोष पत्करूनच लिहावे लागत आहे.

प्रथम खेळ म्हणून त्याची पारख करू. चांगल्या खेळाला उद्दिष्ट असते, पाळी असते, चुकीची किंमत असते आणि खेळता खेळता वाढणारे कौशल्य असते. यातले इथे काहीही नाही. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, खेळ कधी संपला हे ठरवणारा नियम नाही. बोटांखालची सोंगटी अर्थहीन अक्षरे दाखवत राहिली तर मुले लवकरच कंटाळतात. सोंगटीने अर्थपूर्ण शब्द जुळवला तरच खेळ रंगतो, आणि तो रंगतो याचा अर्थ टेबलाभोवती बसलेल्यांपैकी किमान एकाला तरी क्षणभर खरे वाटले आहे की हे आपल्यापैकी कोणी करत नाही. म्हणजे या वस्तूची सारी मौज खेळाडूंच्या त्या विश्वासावर उभी आहे. पत्त्यांच्या डावात राजाला खरा राजा मानावे लागत नाही आणि बुद्धिबळातला घोडा खिंकाळावा लागत नाही. इथे मात्र पलीकडे कोणीतरी आहे असे न मानता बसले, तर हाती केवळ प्लास्टिकचा तुकडा आणि छापील पुठ्ठा उरतो.

या वस्तूचा जन्मही खेळणी बनवणाऱ्यांच्या कल्पनेतून सरळ झालेला नाही. १८४८ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल या वस्तीत फॉक्स कुटुंबातल्या मुलींनी, आपल्या घरात ऐकू येणाऱ्या टकटकीतून मृतात्मा उत्तरे देतो, असे सांगितले आणि त्यातून मृतांशी संवाद साधण्याची एक चळवळच उभी राहिली. पुढे ४० वर्षांनी, १८८८ मध्ये, त्यांच्यापैकी मार्गारेट हिने न्यूयॉर्कमधील एका भरलेल्या सभागृहात कबूल केले की ते आवाज आपण पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढत होतो. वर्षभराने तिने ही कबुली मागेही घेतली. पण तोपर्यंत ती चळवळ तिच्या कबुलीची किंवा नकाराची वाट पाहत थांबलेली नव्हती. यादवी युद्धात अमेरिकेतील असंख्य घरांनी मुले, भाऊ आणि पती गमावले होते, आणि ज्यांचे अखेरचे शब्दही ऐकता आले नाहीत त्यांच्याशी एकदा बोलता यावे ही तहान फार मोठी होती. त्या तहानेला सोपे, घरगुती साधन मिळावे म्हणून आधी पेन्सिल बसवलेली प्लँचेट लोकप्रिय झाली आणि मग अक्षरांचा पट आला.

१८९० मध्ये बाल्टिमोर येथे केनर्ड नॉव्हेल्टी कंपनीने हा पट व्यापारी स्वरूपात आणला आणि एलायजा बाँड यांच्या नावे १० फेब्रुवारी १८९१ रोजी त्याचे पेटंट मंजूर झाले. ‘ओइजा’ हा शब्द फ्रेंच आणि जर्मन भाषांतील होकारार्थी शब्द जोडून बनला, अशी समजूत सर्वत्र आहे. परंतु निर्मात्यांनी सांगितलेली हकिकत अशी की हे नाव पटानेच दिले आणि अर्थ विचारल्यावर ‘शुभ भाग्य’ असे उत्तरही दिले. ज्या वस्तूचे नाव ठरवण्यासाठी त्याच वस्तूला प्रश्न विचारला गेला, ती निव्वळ करमणुकीसाठी होती असे नंतर म्हणणे मला पटत नाही. पुढे विल्यम फुल्ड यांनी हा व्यवसाय वाढवला. १९२७ मध्ये आपल्या कारखान्याच्या छपरावरून पडून त्यांचा मृत्यू झाला आणि आमच्यापैकी काही जण ती घटना पटाच्या शापाचा पुरावा म्हणून सांगतात. तसे सांगू नये, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. ध्वजस्तंभाचे काम चालू असताना झालेला तो अपघात होता, आणि एखाद्या माणसाच्या मरणाला आपल्या सोयीचा अर्थ लावणे हेसुद्धा एक प्रकारचे शकुन पाहणेच आहे.

१९२० मध्ये नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराने अमेरिकेतील एका मोठ्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठासाठी, गुडघ्याला गुडघा लावून ओइजा बोर्ड खेळणारे तरुण जोडपे रंगवले होते. म्हणजे तेव्हा ती दिवाणखान्यातली, काहीशी लाजरी मौज समजली जात होती. १९६६ मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने हक्क विकत घेतले आणि दुसऱ्याच वर्षी सुमारे २० लाख पट विकले जाऊन त्या खपाने मोनोपॉलीलाही मागे टाकले. १९७३ मध्ये एका गाजलेल्या भयपटात हा पट दिसल्यानंतर लोकांच्या मनात त्याच्याविषयी भीती बसली, आणि मग ती भीतीच विक्रीचे आकर्षण ठरली. १९९१ पासून तो हॅस्ब्रो कंपनीकडे आहे. अंधारात चमकणारी आवृत्ती आली, मुलींसाठी म्हणून गुलाबी आवृत्तीही येऊन गेली. पटाची मांडणी मात्र जवळजवळ तशीच राहिली.

सोंगटी कशामुळे सरकते, याचे उत्तर विज्ञानाने या पटाचा जन्म होण्यापूर्वीच दिलेले आहे. विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १८५२ मध्ये असे मांडले की मनात आलेली कल्पना किंवा अपेक्षा माणसाच्या नकळत त्याच्या स्नायूंना हलवू शकते. दुसऱ्याच वर्षी मायकेल फॅरेडे यांनी, त्या काळी गाजत असलेल्या आपोआप फिरणाऱ्या टेबलांवर प्रयोग करून, हात टेकवणारेच नकळत टेबल ढकलतात हे दाखवून दिले. फॅरेडे स्वतः निष्ठावान ख्रिस्ती होते, हे इथे मुद्दाम नोंदवतो, कारण भूतविद्येच्या दाव्यांची कठोर तपासणी करणे म्हणजे अश्रद्धा, असा समज आमच्याकडेही काही ठिकाणी आहे. खेळाडूंचे डोळे बांधून, त्यांना न सांगता पट उलटा फिरवला तर सोंगटी अक्षरे जिथे आधी होती तिथे जाते, आता जिथे आहेत तिथे जात नाही. पलीकडून कोणी बोलत असते, तर त्याला खेळाडूंच्या डोळ्यांची गरज पडली नसती.

मग आक्षेप कशाला, असे आमच्या वर्गातल्या एका मुलाने मला विचारले. ‘सर, बोटेच हलवतात तर मग हा खेळच झाला ना?’ प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर मी तेव्हा नीट देऊ शकलो नाही.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात शकुन पाहणारे, चेटूक करणारे, भुतांना विचारणारे आणि मृतांचा सल्ला घेणारे यांची यादी देऊन इस्राएलाला या गोष्टींपासून दूर राहण्यास सांगितले आहे. ती आज्ञा वाचताना एक बाब नजरेतून निसटते. मृतांकडून मिळणारे उत्तर खोटे असते म्हणून विचारू नका, असे तिथे म्हटलेले नाही. विचारणेच निषिद्ध आहे. त्याच अध्यायात पुढे देव आपल्या लोकांमधून संदेष्टा उभा करील आणि त्याचे ऐकावे, असे वचन येते. म्हणजे मुद्दा ज्ञानाच्या खरेखोटेपणाचा नसून, माणूस अडचणीच्या वेळी कोणाकडे तोंड करून उभा राहतो याचा आहे. बोटे स्नायूंमुळे हललेली असली तरी, प्रश्न विचारणाऱ्याने तोंड कुठे वळवले होते, हे त्यामुळे बदलत नाही.

शौल राजाची गोष्ट या संदर्भात मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात पलिष्ट्यांचे सैन्य समोर ठाकलेले असते, देवाकडून काही उत्तर येत नसते, आणि ज्या राजाने स्वतःच भूतविद्या करणाऱ्यांना देशातून हाकलले होते तोच रात्री वेश पालटून एनदोर गावातील भूतविद्या करणाऱ्या स्त्रीकडे जातो. तिथे त्याला मिळालेले उत्तर चुकीचे नव्हते. पराभव होईल, तू आणि तुझे पुत्र उद्या मराल, असे त्याला सांगितले गेले आणि तसेच घडले. पण त्या खऱ्या उत्तराने त्याला काय दिले? तो जमिनीवर कोसळला, त्याच्या अंगात शक्ती उरली नाही, आणि त्याला दोन घास खाऊ घालण्यासाठी त्या स्त्रीलाच विनवणी करावी लागली. पुढे ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या १०व्या अध्यायात त्याच्या मृत्यूचे कारण सांगताना या भेटीचा स्पष्ट उल्लेख येतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात फिलिप्पै शहरातील भविष्य सांगणारी एक दासीही प्रेषित पौलाविषयी बोलते ते खरेच असते. तो परात्पर देवाचा सेवक आहे, असेच ती ओरडून सांगते. तरीही पौल त्या आत्म्याला बाहेर जाण्यास सांगतो, कारण ती मुलगी दुसऱ्याच्या ताब्यात होती आणि तिच्या भविष्यकथनावर तिचे मालक पैसा मिळवत होते. आत्मा निघून गेल्यावर त्या मालकांना दुःख झाले ते कमाईची आशा गेली म्हणून, हे त्या पुस्तकाचा लेखक लूक याने नोंदवून ठेवले आहे. पटाच्या पेटंटची आणि खपाची कहाणी वाचताना मला ते मालक आठवत राहिले.

आता एक अनुभव लिहितो. त्यात दुकानातला कोणताही पट नव्हता. मुलींनी वहीच्या कागदावर अक्षरे लिहून पाण्याचा पेला उलटा ठेवला होता. आमच्या वर्गातल्या १२ वर्षांच्या एका मुलीची आजी काही आठवड्यांपूर्वी वारली होती आणि आजीशी बोलता येईल म्हणून ती दोन मैत्रिणींबरोबर बसली. पहिली काही उत्तरे गोड आली. आजी सुखात आहे, तिला दुखत नाही, असे पेल्याने सांगितले. मग तिघींपैकी कोणीतरी ‘यानंतर कोण?’ असा प्रश्न विचारला आणि पेला त्या मुलीच्या धाकट्या भावाच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर जाऊन थांबला. त्यानंतर कित्येक महिने ती मुलगी दिवा मालवून झोपू शकली नाही, आणि भाऊ शाळेतून परत येईपर्यंत दारात उभी राहत असे. कोणालाही तिने हे सांगितले नव्हते, कारण आजीला पुन्हा भेटण्याचा मार्ग बंद होईल अशी तिला भीती होती. तिघींपैकी कोणीही पेला मुद्दाम ढकलला नव्हता, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ज्या अक्षराची तिला सर्वांत जास्त धास्ती होती, तिथेच तिच्या बोटांनी तिला नेले.

त्या मुलीला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. स्नायू आपल्या नकळत कसे हलतात हे तिला मेजावर नाणे ठेवून दाखवले, आणि ज्या प्रभूने मृत्यूवर विजय मिळवला आहे त्याच्या हाती तिची आजी सुरक्षित आहे, म्हणून तिला बोलावण्याची गरज नाही, हेही सांगितले. यातली एकच गोष्ट सांगून भागले नसते, असे मला आजही वाटते. केवळ विज्ञान सांगितले असते तर तिचा शोक तसाच पोरका राहिला असता, आणि केवळ सैतानाविषयी बजावले असते तर आधीच घाबरलेल्या लेकरावर आणखी एका भीतीचे ओझे पडले असते. अदृश्य जगात दुष्ट शक्ती आहेत, असे मी मानतो. त्या प्रत्येक पेल्यामागे असतात, असे मी म्हणणार नाही. पण ज्या दारावर ठोठावू नये असे सांगितले आहे, त्या दारामागे कोणी नाही असे गृहीत धरून मुलांना ठोठावायला शिकवणेही मला मान्य नाही. दोन उभ्याआडव्या पेन्सिली ठेवून एका आत्म्याला हाक मारण्याचा जो प्रकार २०१५ मध्ये मोबाइलवरून जगभरच्या शाळांत पसरला, किंवा अंधाऱ्या खोलीत आरशासमोर एका स्त्रीचे नाव वारंवार उच्चारण्याचा जो जुना प्रकार आहे, त्यांनाही हेच लागू होते. त्यांना खोका नाही, म्हणून परीक्षण नाही.

इथे एका तुलनेशिवाय हे लिखाण अपुरे राहील, कारण ख्रिस्ती पालकांच्या यादीत ओइजा बोर्डच्या बरोबरीने ज्या खेळांची नावे येतात, त्यांतील बहुतेकांना मी त्याच्याबरोबर बसवणार नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एक जण कथा सांगतो, बाकीचे योद्धा, चोर, मांत्रिक अशी पात्रे घेतात आणि एखादी कृती यशस्वी झाली की नाही हे २० बाजूंच्या फाशावर ठरते. १९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळावर सैतानपूजेचे आणि मुलांना आत्महत्येकडे नेण्याचे आरोप झाले. ते आरोप पसरवण्यात ख्रिस्ती मंडळींचा मोठा वाटा होता, आणि ते सिद्ध झाले नाहीत. एका आईने मुलगा गमावल्यावर १९८३ मध्ये या खेळाविरुद्ध संघटना काढली. तिच्या दुःखापुढे मी मान झुकवतो. पण दुःख खरे असले म्हणून त्याचे सांगितलेले कारण खरे ठरत नाही, आणि शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा खेळ बनवणाऱ्या शेजाऱ्यालाही लागू आहे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने राक्षस आणि सैतान या अर्थाचे शब्द काढून त्या जागी बनावट नावे घातली. त्याने टीका थोडी शमली असेल; खेळात फारसा फरक पडला नाही.

मी हा खेळ मुलांबरोबर अनेक संध्याकाळी खेळलो आहे. पात्र जेव्हा ‘मंत्र टाकते’ तेव्हा खेळाडू प्रत्यक्षात एक आकडा मोजतो, फासा फेकतो आणि कागदावर वजाबाकी करतो. तो कोणालाही हाक मारत नाही. फाशावरून आक्षेप घेणाऱ्यांनी प्रेषितांनीही यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून केली होती हे आठवावे. कथेत चेटकीण असणे आणि खोलीत चेटूक करणे यांतला फरक मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतो. एनदोरची गोष्ट वाचणारा वाचक भूतविद्या करत नसतो, तसेच हे आहे. तरीही एक पथ्य मी पाळतो. २०१४ च्या आवृत्तीत एका प्रकारच्या पात्राला आपली शक्ती दुष्ट शक्तीशी करार करून मिळवता येते, आणि तो पर्याय मी आमच्या वर्गात ठेवत नाही. कल्पनेतला असला तरी तो करार मुलाने स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या पात्रासाठी, आठवड्यामागून आठवडे मोलाचा मानत राहणे मला जड जाते. दुसरा एखादा ख्रिस्ती शिक्षक यावर वेगळे मत देईल आणि मूर्तीला दाखवलेल्या अन्नाविषयी पौलाने करिंथकरांना जी मोकळीक आणि जी जपणूक एकाच वेळी शिकवली, तिच्यात त्या मतालाही जागा आहे.

मॅजिक : द गॅदरिंग या १९९३ मध्ये आलेल्या पत्त्यांच्या खेळातील काही चित्रे खरोखर काळोखी आहेत. सुरुवातीच्या एका पत्त्यावर पात्रामागे जादूटोण्याचे चिन्ह मानला जाणारा पाच टोकांचा तारा होता, तो नंतरच्या आवृत्तीत काढून टाकण्यात आला. हा खेळ गणिती डोक्याचा, नियमांनी घट्ट बांधलेला आणि अतिशय हुशारीने रचलेला आहे. आत कोणता पत्ता निघेल ते ठाऊक नसलेली बंद पाकिटे विकत घेत राहण्याची ओढ हाच त्यातला मोठा धोका मला वाटतो, आणि लोभाविषयी शास्त्राने पुष्कळ सांगितले असूनही आपण मात्र तारे शोधत बसतो. पोकेमॉनविषयी तर इतके लिहिण्याचीही गरज नाही. किडे गोळा करण्याच्या लहानपणीच्या छंदातून एका जपानी माणसाने १९९६ मध्ये रचलेला तो खेळ आहे. मनःशक्तीने चमचा वाकवणाऱ्या कदाब्रासारख्या एखाद्या प्राण्याविषयी मुलांशी दोन वाक्ये बोलावीत आणि पुढे जावे.

आणखी एक योगायोग नोंदवावासा वाटतो. मॅजिक बनवणाऱ्या कंपनीने १९९७ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सची मालक कंपनी घेतली आणि १९९९ मध्ये त्या दोहोंना हॅस्ब्रोने घेतले. म्हणजे वर वर्णिलेला पट, तो २० बाजूंचा फासा, ते पत्ते आणि घराघरातली मोनोपॉली हे सारे आज एकाच कंपनीच्या छत्राखाली आहे. त्यामुळे नाममुद्रा पाहून निवाडा करणाऱ्या पालकाच्या हाती काही लागणार नाही. खोका उघडून, मुलाने यात नेमके काय करायचे आहे, हे वाचावेच लागेल. संगणकावरील खेळांनाही हीच कसोटी मी लावतो. ज्यात भुते शत्रू आहेत आणि त्यांच्याशी लढायचे आहे, तो खेळ हिंसक असेल तर त्या कारणासाठी नाकारावा. ज्यात खेळाडूने स्वतःच पंथप्रमुख होऊन अनुयायांचे बळी द्यायचे आणि त्या बदल्यात शक्ती मिळवायची, असा २०२२ मध्ये आलेला एक देखणा, गोंडस कोकराच्या रूपातला खेळ मी थोडा वेळ खेळून बंद केला. कोकराच्या प्रतिमेचा असा उपयोग माझ्यासारख्या ख्रिस्ती माणसाला दुखावणारा आहे. तरीही तो पडद्यावरचा प्रकार आहे आणि ओइजा बोर्डच्या रांगेत मी त्याला बसवणार नाही, कारण तिथेही खेळाडू खऱ्या अर्थाने कोणाला काही विचारत नाही.

टॅरोचे पत्ते या बाबतीत शिकवण्यासारखे आहेत. ७८ पानांचा हा जोड १५व्या शतकात उत्तर इटलीत निव्वळ पत्ते खेळण्यासाठी तयार झाला, आणि तीनशेहून अधिक वर्षांनी, १७८१ मध्ये, एका फ्रेंच लेखकाने त्यात प्राचीन मिसरचे गुप्त ज्ञान असल्याचा निराधार दावा केल्यानंतर तो भविष्य सांगण्याकडे वळला. फ्रान्समध्ये आजही लोक त्याच पत्त्यांनी डाव मांडतात, गुण मोजतात आणि पाने आवरून घरी जातात. तिथे खेळ आधी होता आणि गूढविद्या मागाहून चिकटली, म्हणून ती सोलून काढता येते आणि खाली खेळ शिल्लक राहतो. ओइजा बोर्डवरून मृतांना विचारणे सोलून काढले तर खाली काही उरत नाही.

वस्तू म्हणून सांगायचे तर छपाई स्वच्छ आहे, सोंगटीचे पाय नीट सरकतात, पट घडीवर टिकाऊ वाटतो. सूचनापत्रक आटोपशीर आहे. शोकात असलेल्या मुलाने हे वापरू नये, भीती वाटल्यास मोठ्यांना सांगावे, अशा अर्थाची एक ओळही मला त्यात दिसली नाही, आणि ८ वर्षांच्या मुलाच्या हाती द्यायच्या वस्तूत ती उणीव गंभीर आहे. ख्रिस्ती घरासाठी मी हा खेळ कोणत्याही वयाला सुचवणार नाही. ख्रिस्ती नसलेल्या पालकांनी माझी श्रद्धा बाजूला ठेवली तरी एवढे पाहावे की, मुलाची सर्वांत खोल भीती त्याच्याच बोटांनी त्याच्यासमोर अक्षरे जुळवून मांडणारे आणि ती दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर खपवणारे हे साधन आहे.

घरात हा पट आधीच असेल तर काय करावे, असेही विचारले जाते. इफिसमधील ज्या लोकांनी जादूटोण्याची पुस्तके जाळली त्यांची किंमत ५०,००० चांदीची नाणी भरली, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या १९व्या अध्यायात आहे. ती पुस्तके त्यांची स्वतःची होती. कोणी दुसऱ्याच्या घरात शिरून ती ओढून आणलेली नव्हती, आणि जाळण्यापूर्वी त्यांनी आपण काय करत होतो ते सर्वांसमोर सांगितले होते. म्हणून मुलाच्या हातातून पट हिसकावून त्याच्यादेखत पेटवू नये. आधी त्याने काय विचारले होते आणि काय उत्तर आले होते, ते शांतपणे ऐकावे, त्याच्याबरोबर प्रार्थना करावी, आणि मग त्यालाच तो टाकून देऊ द्यावा. परीक्षणासाठी मी घेतलेला खोका दुसऱ्या कोणाला देण्यासारखा नव्हता. पट घडीवर मोडून, सोंगटी वेगळी करून मी तो कचऱ्यात टाकला. २० बाजूंचा फासा वर्गाच्या कपाटात आहे, आणि पुढच्या शनिवारी ज्या कथेचा उरलेला भाग खेळायचा आहे ती कथा रचण्याचे काम आजीशी बोलू पाहणाऱ्या त्याच मुलीने मागून घेतले आहे.